अंदाज आधी, रन नंतर: चॅटवरच्या पायथन मदतीची नोंद

चॅटच्या गटांत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या नवख्यांना आम्ही काही जण मदत करतो. या टप्प्यासाठी मी एकच नियम घेतला होता: नवख्याचा कोड दुरुस्त करण्याआधी त्याला अंदाज विचारायचा. ‘रन करू नकोस. आधी सांग, पडद्यावर काय दिसेल?’ बाकी काही बदललं नाही. फावल्या वेळात गटात डोकवायचं, कुणी अडलेलं दिसलं की बोलायचं, आपलं काम आलं की निघायचं. (कोड इथे वाचण्यापुरता देवनागरीत लिहितेय. खऱ्या कोडमधले शब्द इंग्रजी असतात.)

नियमाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो प्रिंट आणि रिटर्नच्या गोंधळात: प्रिंट उत्तर पडद्यावर छापतं, रिटर्न ते पुढच्या कोडच्या हाती देतं. हा गोंधळ सार्वत्रिक आहे, पायथन शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यातून जातो. एका मुलाने बेरजेचं फंक्शन (नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा) लिहिलं होतं. आत प्रिंट होतं, रिटर्न नव्हतं.

‘ताई, बेरीज बरोबर दाखवतंय, पण तिच्यात दहा मिळवले की टाइपएरर येतो.’

‘दहा बाजूला ठेव. एकूण = बेरीज(२, ३), आणि खाली प्रिंट(एकूण). एवढंच लिही. किती ओळी छापल्या जातील?’

‘एकच. पाच.’

‘आता रन कर.’

‘दोन आल्या! पाच आणि नन. हा नन कुठून आला?’

हा शेवटचा प्रश्न त्याचा आहे, आणि माझी सगळी धडपड तो त्याच्याकडून येण्यासाठी होती. ‘फंक्शनमध्ये रिटर्न नसेल तर ते नन, म्हणजे ‘काहीच नाही’, परत देतं’ हे वाक्य मी आधीच टाकलं असतं, तर त्याने ‘ओके’ लिहून पुढचं विचारलं असतं. चॅटवरचा ‘ओके’ फार फसवा असतो. समोर बसलेल्याच्या चेहऱ्यावरून कळतं की गाडी कुठे अडली. इथे चेहरा नाही, म्हणून अंदाज विचारायचा. तो चुकला तर कुठे चुकला ते दोघांनाही दिसतं.

दुसरं ठिकाण ऑरचं, म्हणजे ‘किंवा’चं. इफ म्हणजे ‘जर’. ‘इफ उत्तर == "हो" ऑर "होय"’ अशी ओळ लिहिली की काहीही टाइप केलं तरी अट खरी ठरते. वाचताना ओळ अगदी शहाण्यासारखी वाटते, म्हणून नवखा तिच्याकडे पाहतच नाही आणि दोष इनपुटमध्ये शोधत बसतो. इथे मी अंदाजाला एक छोटा प्रयोग जोडला: ‘नुसतं इफ "होय" लिही आणि आत काहीतरी प्रिंट कर. छापलं जाईल का?’ बहुतेक जण म्हणतात, एररच येईल. छापलं गेलं की थांबतात. मग रिकामी नसलेली स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) पायथनला खरी वाटते आणि ऑरच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे तपासल्या जातात, हे दोन संदेशांत उरकतं.

लिस्टच्या, म्हणजे एका नावाखाली ठेवलेल्या यादीच्या, बाबतीत मात्र शब्द अपुरे पडतात. ‘ब = अ’ लिहून ब मध्ये नवा आकडा घातला की अ सुद्धा बदलते. अंदाज चुकतो, नवखा चकित होतो, इथपर्यंत ठीक. पण पुढचं स्पष्टीकरण चॅटवर फार लांबतं. त्यासाठी फिलिप ग्वो यांचं पायथन ट्यूटर हे कोड चित्रात दाखवणारं संकेतस्थळ वापरायला लागले. कोड चिकटवायचा, एकेक पायरी पुढे जायचं, आणि दोन्ही नावांचे बाण एकाच लिस्टकडे जाताना दिसतात. तयार झालेल्या चित्राची लिंक गटात टाकता येते, म्हणजे मला काय दिसतंय तेच समोरच्यालाही दिसतं.

सगळीकडे हा नियम चालत नाही, हेही लिहून ठेवते. ०.१ आणि ०.२ ची बेरीज पडद्यावर ०.३०००००००००००००००४ अशी दिसते. याचा अंदाज विचारणं म्हणजे निव्वळ छळ. ०.१ हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमका मांडताच येत नाही, हे नवख्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. अशा वेळी सरळ सांगून टाकावं. तेच क्रम लावणाऱ्या सॉर्टचं: सॉर्ट मूळ लिस्टच जागच्या जागी लावते आणि नन परत देते, सॉर्टेड मात्र नवी लिस्ट देते. भाषा घडवणाऱ्यांनी ठरवलं म्हणून तसं आहे. तर्काने काढण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

आमच्यातल्या जाणत्यांचीही एकदा परीक्षा झाली. एकीने वय विचारणाऱ्या प्रोग्रॅमला देवनागरी अंकांत १५ दिलं. इंटमधून (मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनमधून) गेल्यावर व्हॅल्यूएरर, म्हणजे मूल्य चालत नसल्याचा एरर, येणार, असं झाडून सगळ्यांचं मत पडलं. आला नाही. पायथनचं इंट युनिकोडमधले (जगभरच्या लिप्यांच्या चिन्हसंचातले) दशमान अंक ओळखतं. तोच १५ थेट कोडच्या ओळीत लिहिला तर मात्र सिन्टॅक्सएरर, म्हणजे व्याकरणाची चूक. त्या दिवशी शिकणारी सर्वांत खूश होती.

आता कटकटी. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा हा व्याकरणाचा भाग, आणि नेमकी तीच चॅटमध्ये अनेकदा गिळली जाते. त्यात फोनचा कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हं वळणदार करून ठेवतो, मग पायथन म्हणतं अक्षर अवैध आहे आणि नवखा ते अक्षर डोळे फाडून शोधतो. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर दोन-दोन अंडरस्कोरांमध्ये लिहायचा इनिट हा पायथनचा शब्द थेट अधोरेखित होतो आणि अंडरस्कोर गायब. तीन बॅकटिकच्या (` या चिन्हाच्या) मध्ये कोड टाकायची सवय लावली की यातलं बरंचसं मिटतं. बॅकटिकचं बटण कुठे आहे हे सांगण्यात जाणारा वेळ वसूल होतो, विश्वास ठेवा. स्क्रीनशॉटला मी हल्ली एकच उत्तर देते: ‘ट्रेसबॅकची शेवटची ओळ मजकूर म्हणून टाक.’ (ट्रेसबॅक म्हणजे एरर आल्यावर पायथन छापतं तो मजकूर.) ती टाइप करताना निम्मे लोक ती पहिल्यांदा वाचतात, आणि त्यातल्या काहींना चूक तिथेच सापडते.

आयआरसी या जुन्या चॅट व्यवस्थेवर अजूनही पायथनचा राबता आहे. १९८८ मध्ये फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेन यांनी सुरू केलेली ही व्यवस्था. तिथे एका संदेशाला ५१२ बाइटची मर्यादा, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट खातं. पत्ता वगैरे वजा जाता दीडशेच्या आसपास चिन्हं हाती राहतात. एका संदेशात एकच प्रश्न विचारण्याची शिस्त मला या कोंडमाऱ्यातून लागली. डिस्कॉर्डवर दोन हजार अक्षरं मिळतात, आणि लोक ती वापरतातही, दुर्दैवाने.

त्यावरून गर्दीकडे येते. कुणीतरी विचारतं, लिस्टमधल्या आकड्यांची सरासरी कशी काढू? काही क्षणांत एक जण समला (बेरजेला) लेनने (आकड्यांच्या संख्येने) भागतो, दुसरा स्टॅटिस्टिक्स मॉड्यूल (तयार कोडची फाइल) काढतो, तिसरा नमपाय हे बाहेरचं पॅकेज बसवायला सांगतो, आणि चौथा रिकाम्या लिस्टचं काय, म्हणून तिसऱ्याशी वाद घालतो. विचारणारा तोवर गेलेला असतो. सगळी उत्तरं बरोबर आहेत, माणूस मात्र आमच्यातच हरवला. आता आमच्यात असं ठरलंय की पहिला बोलेल त्याने शेवटपर्यंत बोलायचं, इतरांनी गप्प बसायचं, आणि आधी विचारायचं: ‘लूपपर्यंत आलायस की फंक्शनही झालंय?’ (लूप म्हणजे तोच कोड पुन्हा पुन्हा चालवणं.) त्याच्या पुढचं हत्यार काढायचं नाही. हे पाळणं प्रोग्रॅमरांना किती जड जातं ते बघण्यासारखं असतं.

काही प्रश्नांना तर उत्तर द्यायचंच नसतं. ‘लूपमध्ये गुण१, गुण२, गुण३ अशी व्हेरिएबलची नावं कशी तयार करू?’ हा त्यातला नेहमीचा. तशी सोय काढता येते, पण काढून देणं हा अपराध आहे. मी विचारते, ‘त्या नावांचं पुढे काय करणार आहेस?’ उत्तर येतं, ‘सगळ्यांची बेरीज.’ मग लिस्ट आपोआप समोर येते.

पायथनची आवृत्ती विचारायला मी आता विसरत नाही, कारण आमचं निम्मं काम पायथननेच हातात घेतलंय. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० पासून कंस बंद करायचा राहिला तर ते नेमका कोणता कंस ते सांगतं. पूर्वी खालच्या निरपराध ओळीवर बोट जायचं. नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर जवळचं नावही सुचवतं. ३.११ मध्ये ओळीतल्या नेमक्या भागाखाली खुणा आल्या. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ ने तर माझा एक आवडता रोग ओळखायला घेतला: आपल्याच फाइलला ‘रँडम’ हेच नाव द्यायचं आणि मग यादृच्छिक आकडे देणारं पायथनचं रँडम मॉड्यूल चालत नाही म्हणून रडायचं. आता एररच फाइलचं नाव बदलून बघ म्हणतो. उलट बाजूला, पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला तरी त्यातलं, आता न चालणारं कंस नसलेलं प्रिंट शिकवणारे जुने धडे सापडतात आणि लोक ते इमानेइतबारे टाइप करतात.

एआयकडून आणलेला कोड हा नवा प्रकार. चालतो, नीटनेटका असतो, आणि आणणाऱ्याला त्यातलं काही सांगता येत नाही. मी त्यावरून कुणाला बोल लावत नाही. एक ओळ निवडते आणि विचारते, ‘ही काढली तर काय बिघडेल?’ पुन्हा अंदाजच. काही जण वैतागून जातात. जे राहतात त्यांच्याशी त्या एका ओळीवर बराच वेळ गप्पा रंगतात.

अजून न जमलेली गोष्ट रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं. फॅक्टोरियल तीनसाठी (३ × २ × १) फंक्शन किती वेळा बोलावलं जाईल, हा अंदाज लोक बरोबर देतात. थांबायची अट काढली की रिकर्शनएरर येतो, हेही मान्य करतात. असे एकात एक किती कॉल चालतील याची पायथनची मर्यादा सुरुवातीला एक हजार ठेवलेली असते. तरीही आतल्या कॉलमधला एन (फंक्शनला दिलेला आकडा) आणि बाहेरचा एन वेगवेगळे, हे पायथन ट्यूटरवर दाखवूनही पुढच्या उदाहरणात निसटतं. पुढच्या टप्प्यात फॅक्टोरियल सोडून फोल्डरच्या आतल्या फोल्डरांतल्या फाइली मोजायच्या उदाहरणाने सुरुवात करणार आहे. तुमच्यापैकी कुणाला चॅटवर हे जमलं असेल, तर पहिला प्रश्न कोणता विचारलात तेवढं सांगा.