तुम्ही विचारलंत म्हणून : जळगावात बसून ब्लूज कशाला?

"मॅडम, आपल्या जळगावच्या रेडिओवर ही अमेरिकेतली गाणी कशाला लावता? ऐकतं तरी कोण?" लग्नात, बँकेच्या रांगेत, भाजीबाजारात, जो भेटतो तो हेच विचारतो. काही जण कुतूहलानं विचारतात, काही जरा नाराजीनं, कारण शनिवार संध्याकाळचा हा तास आधी जुन्या हिंदी गाण्यांचा होता. जाता जाता देण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून लिहायला बसले.

सगळ्यात आधी कापूस.

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचं गाणं. तो जिथे वाढला ती मिसिसिपी नदीकाठची सपाट, गाळाची जमीन. नजर पोचेल तिथवर कापूस. १८६५ साली गुलामगिरी कायद्यानं संपली, पण जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट कापूस वेचला, त्यांनाच मग ती बटाईनं कसावी लागली. बी-बियाणं, पीठ, तेल, सगळं मालकाच्या दुकानातून उधारीवर. डिसेंबरात हिशेब व्हायचा आणि वर्षभर राबूनही अंगावर बाकी निघायची. ज्यांच्या घरात सालदारी झाली आहे, आखाजीला जुनं साल संपून नवं ठरताना मालकाच्या ओट्यावर बसलेला बाप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

आणि हा संबंध नुसता मनाचा नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मुंबईच्या बाजारात आपल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. खानदेशात कापसाचा पेरा वाढला, त्याच दशकात रेल्वे आली आणि पुढे जळगाव कापसाची पेठ म्हणून नावारूपाला आलं. युद्ध संपलं, तसे भाव कोसळले. तिकडच्या ज्या माणसांच्या गुलामीवरून लढाई पेटली होती, त्या लढाईनं इकडे आपल्या खापरपणजोबांच्या शेतात काय पेरायचं ते ठरवलं. शाळेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. समजलं तेव्हा मी बरेच दिवस त्याच विचारात होते.

चार्ली पॅटन नावाचा गवई होता, मिसिसिपीतल्या डॉकरी नावाच्या मळ्यावर वाढलेला. १९२९ साली त्यानं कापसाच्या बोंडातल्या सोंड्या किड्यावर गाणं रेकॉर्ड केलं. त्या किड्यानं मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरून एकेक राज्य पोखरत नेलं होतं. पॅटनचा आवाज खरखरीत, जुन्या तबकडीची चरचर त्याहून मोठी. आमच्याकडे २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. त्यानंतर मी हे गाणं लावलं आणि आधी मराठीत सांगितलं, की हा माणूस किड्याशी बोलतो आहे. त्या दिवशी पारोळ्याकडून एका आजोबांचा फोन आला. म्हणाले, "ताई, हाऊ काय म्हनी ऱ्हायना ते पुरं सांगा." मी ओळ न ओळ सांगितली. ते मध्ये मध्ये "बरोबर शे, बरोबर शे" म्हणत होते. ऐकतं कोण, या प्रश्नाला माझ्याकडे एवढं उत्तर पुरेसं आहे.

आता रेडिओ. १९४१ च्या नोव्हेंबरात आर्कान्सॉ राज्यातल्या हेलेना गावच्या केएफएफए केंद्रावर 'किंग बिस्किट टाइम' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पैसा एका पिठाच्या ब्रँडचा, वेळ भर दुपारची, शेतमजुरांच्या जेवणाच्या सुट्टीची. सनी बॉय विल्यमसन माउथ ऑर्गन वाजवायचा, रॉबर्ट लॉकवुड ज्युनियर गिटार. नदीपलीकडच्या मळ्यांत माणसं भाकरतुकडा खाता खाता ऐकायची. त्यांच्यातच एक ट्रॅक्टर चालवणारा पोरगा होता, बी. बी. किंग. पुढे तो मेम्फिसला गेला आणि डब्ल्यूडीआयए केंद्रावर टॉनिकची जाहिरात गाता गाता मोठा झाला. ते सबंध केंद्रच कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी चालायचं. अमेरिकेत असं पहिलंच. म्हणून कुणी "रेडिओवर ब्लूज?" म्हणालं, की मला नवल वाटतं. हे संगीत रेडिओवरूनच शेतात पोचलं आहे.

गाण्याची घडणही बघा. बारा मात्रागटांचा एक फेरा. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तेवढ्यात तिसरी सुचते आणि ती पहिलीला उत्तर देते. जात्यावर बसलेल्या बाईला ही रीत कुणी शिकवावी लागत नाही. आणि सूर! कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधे कुठेतरी ब्लूजचा गंधार लागतो. पेटीवर तो नाहीच. गिटारवाला तार बोटानं ओढून तो काढतो, पियानोवाला दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबून त्याचा भास आणतो. थेलोनियस मंक हा जॅझचा, म्हणजे ब्लूजच्याच घरातल्या संगीताचा, पियानोवाला वाजवताना ऐका, वाटतं की पट्टी चुकली. ती मुद्दामच तशी लावलेली असते.

असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्यांच्या ओठी आलेलं सोपानदेवांनी उतरवून घेतलं म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं आणि महाराष्ट्राला ते कळलं. तोवर बहिणाबाई गेल्या होत्या. तिकडे १९४१ च्या उन्हाळ्यात लोकगीतं गोळा करणारे अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क हे दोघे रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन मिसिसिपीतल्या स्टोव्हॉलच्या मळ्यावर गेले आणि एका मजुराचं गाणं त्याच्या खोपटात ध्वनिमुद्रित केलं. तो मडी वॉटर्स. त्यानं स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकला आणि दोन वर्षांत शिकागोची गाडी पकडली. तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्यानं विजेची घेतली. लोमॅक्सचं नाव जगभर झालं. जॉन वर्क, जे स्वतः कृष्णवर्णीय अभ्यासक होते, कितीतरी वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हते. मी दोघांचीही नावं घेते.

नावांच्या बाबतीत मी हट्टी आहे. गाणं लावण्याआधी ड्रमवर कोण, बासवर कोण, हे सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही. आमचे तंत्रज्ञ म्हणतात वेळ जातो. जाऊ दे. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या एकाहून एक गाजलेल्या गाण्यांत बास वाजवणारा माणूस होता जेम्स जेमरसन. उजव्या हाताच्या एकाच बोटानं तार छेडायचा. साठच्या दशकात अमेरिकेतली पोरं त्याच्या ठेक्यावर नाचली आणि तबकडीवर त्याचं नाव नव्हतं. १९७१ साली मोटाऊनच्याच मार्विन गे या गायकाचा अल्बम आला, तेव्हा कुठे वादकांची नावं छापली गेली. गायिका बेसी स्मिथ तर ब्लूजची सम्राज्ञी म्हणून ओळखली जायची. १९३७ साली मोटार अपघातात गेली आणि १९७० पर्यंत तिच्या थडग्यावर साधा नावाचा दगड नव्हता. मग रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन आणि हुआनिटा ग्रीन या दोघींनी पैसे घालून तो बसवला. ग्रीनबाई लहानपणी बेसीच्या घरी फरशी पुसायला जायच्या.

आपल्याकडे हे कुणाला लागू होतं? लग्नाच्या बँडवाल्यांना. चोपड्याकडचे एक ट्रम्पेटवाले दादा माझ्या कार्यक्रमाला येऊन बसले होते. त्यांना मी जॅझमधला थोर ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग याचा १९२८ मधला 'वेस्ट एंड ब्लूज' ऐकवला. सुरुवातीला आर्मस्ट्राँग एकटाच वाजवतो, जेमतेम पंधरा सेकंद. दादांनी डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. तीन बोटं मात्र मांडीवर ट्रम्पेटच्या कळा दाबत होती. परत लावायला सांगितलं. मग विचारलं, "याचे ओठ फाटायचे नाहीत का?" इतकी वर्षं हे संगीत ऐकते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो वाजवणाऱ्यालाच पडणार. फाटायचे, १९३०च्या दशकात इतके, की काही काळ त्याला ट्रम्पेट बाजूला ठेवावा लागला होता. जर्मनीतल्या एका माणसानं बनवलेलं मलम तो लावायचा आणि पुढे ते त्याच्याच नावानं विकलं गेलं. दादा म्हणाले, आम्ही तूप लावतो.

जुनी हिंदी गाणी बंद केल्याबद्दल जे रागावलेत, त्यांनाही सांगायचं आहे. ती गाणी याच संगीताची भाचवंडं आहेत. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी आपला अमेरिकन जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. त्या बँडचं ऐकून गोव्याचे वादक तयार झाले आणि हॉटेलांतून सिनेमाच्या स्टुडिओत गेले. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला ट्रम्पेट आठवा. त्यांच्यासोबत चिक चॉकलेट होता, मुंबईचा आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला.

सोल, म्हणजे ब्लूज आणि चर्चचं गाणं यांच्या मिलाफातून निघालेलं संगीत, त्याबद्दल थोडंच सांगते, कारण ते सांगण्यापेक्षा ऐकण्यात आहे. आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर भजन बांधतात. तिथे उलट झालं: रे चार्ल्सनं १९५४ मध्ये चर्चमधल्या गाण्याच्या धाटणीवर प्रेमाचे शब्द घातले आणि धार्मिक मंडळी खवळली. अरेथा फ्रँकलिन धर्मोपदेशकाची मुलगी, वडिलांच्या चर्चमध्ये गात वाढली. प्रेमाचं गाणं म्हणतानाही ती देवासमोर उभी आहे असं वाटतं.

"सुरुवात कुठून करू?" हाही नेहमीचा प्रश्न. बी. बी. किंगपासून करा. तो गाताना गिटार थांबवतो आणि गिटार वाजवताना गाणं, त्यामुळे नवख्या कानाला कोण काय बोलतंय ते लगेच कळतं. मग बेसी, मग अरेथा. जॅझचा सॅक्सोफोनवाला जॉन कोलट्रेन, त्याची घाई नको. त्यानं रविशंकरांवरच्या प्रेमापोटी मुलाचं नाव रवी ठेवलं हे खरं, पण त्याच्याकडे सवडीनं, रात्री, एकटं असताना जावं.

येत्या शनिवारचा सगळा तास सिस्टर रोझेटा थार्पचा आहे. ही चर्चची गायिका विजेची गिटार अशी वाजवायची, की रॉक अँड रोलच्या पोरांनी तिच्याकडून उचललं. १९६४ साली मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर तिचा कार्यक्रम झाला. ऐन वेळी पाऊस आला, म्हणून तिनं सुरुवातीलाच पावसाचं गाणं घेतलं. तिचा तो व्हिडिओ मोबाइलवर सापडतो, आधी बघून ठेवा. घरात गिटार शिकणारी मुलगी असेल, तर शनिवारी तिलाही शेजारी बसवा.