एक जूनवाला

परवा एक जूनला सकाळी उठलो तर मोबाईलवर पंधरा-वीस हॅपी बर्थडे येऊन पडलेले. बँकेचा, विम्याचा, एका चष्म्याच्या दुकानाचा, आणि गावाकडच्या शाळेच्या ग्रुपवर तर सामुदायिक सोहळाच, कारण आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनचीच. एकाच केकच्या फोटोवर अकरा जणांची नावं टाकून मोकळे झालेले. मी सगळ्यांना थँक्यू थँक्यू म्हणत बसलो. माझा खरा वाढदिवस ऑक्टोबरात असतो, तेव्हा फक्त आईचा फोन येतो.

त्याच संध्याकाळी सांगलीत वळीव आला, लाईट गेली, आई नेमकी आमच्याकडं आलेली, टीव्ही बंद म्हणून वैतागलेली. लॅपटॉपला चार्जिंग होतं आणि एक पिक्चर कधीचा घेऊन ठेवलेला, तो लावला. अर्जेंटिनाचा, इन्फान्सिया क्लान्देस्तिना नावाचा, म्हणजे आपल्याकडं भूमिगत बालपण म्हणता येईल. भाषा स्पॅनिश, खाली इंग्रजी पट्टी, आईला दोन्ही येत नाही, म्हणून मीच मधेमधे आकाशवाणीसारखा सांगत होतो.

गोष्ट अशी, की साल 1979. अर्जेंटिनात 1976 पासून लष्कराचं राज्य, माणसं रात्रीतनं उचलून न्यायची आणि नंतर त्यांचा पत्ताच नाही असा काळ. सरकारविरुद्ध हत्यार घेतलेलं एक जोडपं क्यूबात पळून गेलेलं असतं, ते आता लढायला परत मायदेशी येतं, पोरांना घेऊन. मोठा पोरगा हुआन, बाराएक वर्षांचा. त्याला खोट्या कागदांवर आणतात. नाव खोटं, एर्नेस्तो. शाळेत जायचं, दोस्त करायचे, एक पोरगी आवडायला लागते तिच्यामागं फिरायचं, आणि हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं करायचं. क्यूबातला हेल चुकून पण तोंडात येऊ द्यायचा नाही. घरात बाहेरच्यांना दाखवायला धंदा चॉकलेट लावलेल्या शेंगदाण्यांचा आणि त्याच खोक्यांच्या आडनं बंदुकीचा माल.

इथं आई पहिल्यांदा बोलली, "शेंगदाण्याला चॉकलेट? तिकडं गूळ मिळत न्हाई व्हय?"

मग तो सीन आला. वर्गातली पोरं अचानक त्याच्यासाठी वाढदिवसाचं गाणं म्हणायला लागतात आणि हा नुसता बघत उभा. कारण खोट्या कागदावर जन्मतारीख पण खोटी, ती ह्याच्या लक्षातच नाही. एर्नेस्तोचा वाढदिवस आज आणि हुआनला पत्ताच नाही. मी एकटाच जोरात हसलो, आई म्हणाली काय झालं, म्हटलं काय नाही, ह्याला पण कुणीतरी एक जून लावलाय.

माझी गोष्ट म्हणजे, आम्ही गलाईवाले. खानापूर-आटपाडी तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा, प्रत्येक आळीत दोन-चार घरांना कुलूप आणि बंगले दोन-दोन मजली, ओट्यावर एक म्हातारं बसलेलं. बाकी सगळे बाहेर, कोण कोइमतूरला, कोण कोचीनला, कोण पार पंजाबात, सोनं-चांदी गाळायला. जुना दागिना भट्टीत घालायचा, मुशीत आटवायचा, तेजाब घालून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध सोनं वेगळं करायचं. लहानपणी मला ते जादूसारखं वाटायचं पण त्या तेजाबाच्या वाफेनं वडलांचे दात आणि खोकला दोन्ही गेले ते गेलेच, म्हणजे दात गेले, खोकला राहिला. आता आमच्याकडची माणसं एवढ्या लांब का गेली, तर पाऊस पडत नव्हता म्हणून, दुसरं काय. आम्हाला कुठल्या लष्करानं हाकललं नव्हतं, ढगांनी हाकललेलं.

वडील सेलमला होते. सेलम चांदीच्या पैंजणांचं गाव, तिथं गाळायला माल भरपूर. मी जन्मलो तिथंच, चौथीपर्यंत शिकलो तिथंच. 1995 ला आजा म्हणाला पोरगं पाचवीला गावाकडं टाका, नाहीतर पुढं मातीला पण येणार नाही. आजा म्हणजे जुन्यातला माणूस, सांगली जिल्हा म्हणायचाच नाही, 1960 ला जिल्ह्याचं नाव बदललं हे त्यानं मान्यच केलेलं नव्हतं, त्याच्या लेखी शेवटपर्यंत दक्षिण सातारा. तर सेलम ते बेंगळुरू, तिथनं मिरज, मिरजेतनं विट्याची एसटी, आणि उतरलो तेव्हा आजा मला हाताला धरून डायरेक्ट शाळेतच घेऊन गेला.

गुरुजींनी नाव विचारलं. मी सेलमच्या सवयीनं सांगितलं, आधी वडलांच्या नावाचं एक अक्षर, मग माझं नाव, संपलं. तिकडं आडनाव कोण लावत नाही. गुरुजी म्हणाले, "आडनाव?" मी आजाकडं बघितलं. मला माझं आडनाव माहीत होतं हो, पण ते आमच्या दुकानाच्या पाटीवर असायचं, मला वाटायचं ते दुकानाचं नाव आहे.

मग जन्मतारीख. आजानं पिशवीतनं दाखला काढला, तर तो सगळा तमिळमध्ये. आकडे आपलेच, पण तारखा तीन, एक जन्माची असणार, एक नोंदवल्याची आणि एक दाखला दिल्याची, आणि कुठली कुठली ते कुणाला वाचता येईना. मला विचारलं तर मला कविता म्हणायला यायच्या तमिळमधल्या, पण तो सरकारी कागद काही झेपेना. आजाला विचारलं तर म्हणाला, "दसऱ्याच्या मागंफुडं कवातरी, विट्यात पालख्या पळत हुत्या तवा तार आली." गुरुजींनी सुस्कारा सोडला आणि लिहिलं, एक जून. एका मिनिटात मी चार महिन्यांनी मोठा झालो. रिटायर पण तेवढाच आधी होणार, हे बायकोनं नंतर हिशोब करून सांगितलं.

पिक्चरमधल्या हुआनला निदान माहीत असतं की आपण नाटक करतोय. माझी पंचाईत ही होती की मी खरंच मराठी होतो, घरात मराठीच बोलायचो, आणि तरीपण वर्गात तोंड उघडलं की मी तोतया. हेल तमिळ, शब्द मराठी. पोरं मागनं 'मद्रासी' करायची. आणि दुसऱ्याच दिवशी मी भर वर्गात हात वर करून म्हणालो, "सर, तण्णी."

तण्णी म्हणजे पाणी. तहान लागली की जी भाषा तोंडात येते तीच आली. वर्ग फुटला. त्या दिवसापासनं माझं नाव तण्णी. टँकर गावात आठवड्यातनं दोनदा यायचा आणि पोरं घागरी घेऊन पळता पळता ओरडायची, "तण्णी आला, तण्णी आला!" त्यात मी पण आलो आणि टँकर पण.

ह्यावरनं मला नेहमी थोरले शाहू महाराज आठवतात. 1689 ला रायगड पडला तेव्हा सात वर्षांचं पोर मोगलांच्या कैदेत गेलं, 1707 ला सुटून आलं ते पंचविशीचं होऊन. अख्खं वाढायचं वय छावणीत गेलं. आणि घरी आल्यावर ताराबाईंच्या बाजूनं काय म्हणणं, तर हा शाहू नव्हेच, तोतया आहे. मग खेडला लढाई आणि 1708 च्या जानेवारीत साताऱ्याला राज्याभिषेक. शाळेत आम्हाला लढाई शिकवली, सनावळ्या पाठ करून घेतल्या, पण तो माणूस परत आल्यावर बोलायचा कसा, हेल कुठला होता, घरच्या लोकांनी पहिल्यांदा त्याचं बोलणं ऐकून एकमेकांकडं कसं बघितलं असेल, हे कुणी सांगितलं नाही. मला तर तेवढंच ऐकायचं होतं.

असो. पिक्चरवर येतो. दिग्दर्शक बेंजामिन आविला, त्याचं स्वतःचं लहानपण ह्यात आहे, त्याची आई त्या काळात बेपत्ता झालेल्या माणसांपैकी एक. कदाचित म्हणूनच गोळीबाराचे जे प्रसंग आहेत ते त्यानं सरळ दाखवलेच नाहीत, तिथं चित्रं येतात, कॉमिक्सच्या पुस्तकासारखी. काही लोकांना ते खटकतं म्हणे, मला एकदम पटलं. लहानपणीचं भीतीचं असं चित्रच राहतं, हलत नाही, नुसतं डोळ्यापुढं थांबतं. मला त्या पहिल्या दिवशीचा गुरुजींचा पेन तसाच दिसतो. शेवट काय होतो ते सांगत नाही, बघा. त्यात आजी आहे एक, ती नातवाच्या खोट्या वाढदिवसाला येते, आणि घर कुठंय ते कळू नये म्हणून तिला डोळ्यावर पट्टी बांधून आणतात. आईनं पदर डोळ्याला लावला. म्हणाली, "म्हातारीला कशापायी आसं."

मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुझा आजा तुला शाळंत घिऊन गेला त्या दिवशी मी सेलमात रडत हुते बघ." हे तिनं तीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. मी काय बोलणार, चार्जिंग बघितलं, नऊ टक्के.

वडील गेले तेव्हा सेलमचं दुकान चुलतभावानं घेतलं. मी दोन वर्षांनी एकदा जातो. तिथं जुन्या गल्लीतली माणसं अजून मला 'मराठी सेठ'चा पोरगा म्हणतात आणि माझं तमिळ ऐकून हसतात, म्हणजे आता तिकडचा हेल पण गेला.

रात्री लाईट आली तेवढ्यात फोन वाजला. शाळेतला दोस्त, द्राक्षबागवाला, त्याचा पण जन्म एक जूनचाच. मागं मोटरचा आवाज इतका की तो ओरडूनच बोलत होता, टेंभूचं आवर्तन सुटलंय, कृष्णेचं पाणी पार आमच्या वरच्या पाटाला आलंय, मी मोबाईल पाण्याजवळ धरतो, ऐक.

"ऐकू येतंय का रं? ए तण्णी! तण्णी आलंय बघ, तण्णी!"

आई पलीकडनं म्हणाली, कोण रे एवढ्या रात्री. म्हटलं कोण नाही, वाढदिवसाचा फोन आहे.