बटुमीच्या अंगणातली केळी

आप्पांना समुद्र दाखवायचा म्हणून रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावला. समुद्र त्यांनी पाहिला जेमतेम दहा सेकंद. पुढची चाळीस मिनिटं ते जॉर्जियातल्या बटुमी शहरातल्या एका आजीच्या अंगणातली केळी बघत होते.

आम्ही चौघं खानदेशातली. मी रावेर तालुक्यातली, एक मैत्रीण धुळ्याची, एक चोपड्याची आणि एक मित्र शहाद्याचा. सगळे जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्या मुलखात तापी आहे, गिरणा आहे, पांझरा आहे. समुद्र मात्र कुणी धड पाहिलेला नव्हता. तापी सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते हे भूगोलात पाठ केलेलं, पण तिला सारंगखेड्याच्या पुढे पोचवायला आम्ही कधी गेलो नव्हतो. सप्टेंबरअखेर एक परीक्षा संपली, शुक्रवारी जेवताना कुणीतरी 'बटुमी?' म्हणालं आणि शनिवारी सकाळी आम्ही गाडीत होतो.

पाच तासांचा प्रवास. जाताना उजवीकडची खिडकी घ्या. आमच्या जागा डावीकडे होत्या, आणि कोबुलेती गेल्यावर रूळ किनाऱ्याला लागले तेव्हा काळा समुद्र उघडला तो उजवीकडे. आम्ही उठून पलीकडच्या प्रवाशांच्या डोक्यांवरून वाकून बघायला लागलो. तिथल्या एका बाईंनी काही न बोलता आपली पिशवी मांडीवर घेतली आणि धुळ्याच्या मैत्रिणीला खिडकीशी बसवलं. जॉर्जियन माणसं चेहऱ्याने कडक दिसतात. पहिल्या वर्षी मी त्या चेहऱ्यांना घाबरायचे.

बटुमीत पोचल्यावर मात्र डोकं तापलं. आम्ही आधी ठरवलेल्या खोलीच्या माणसाने दारातच सांगितलं की चौघांचे पैसे दुप्पट होतील. फोनवरचं बुकिंग दाखवलं तर खांदे उडवले. एक लारी म्हणजे तीसेक रुपये. घरून येणाऱ्या पैशांतला प्रत्येक लारी आम्ही मोजून खर्च करतो. मुलं परदेशी आहेत, सामान घेऊन दारात उभी आहेत, कुठे जाणार, असा त्याचा हिशेब होता. आम्ही गेलो. पाऊस सुरू झाला होता. बटुमीत वर्षाला २,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्या जळगाव जिल्ह्यात ७०० च्या. त्या दुपारी हा फरक अंगावरच घेतला.

जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत दारावर 'खोली' अशी पाटी दिसली. आत द्राक्षाचा मांडव, त्याखाली टेबल आणि सत्तरीच्या एक आजी. आम्ही भाव विचारायच्या आत त्यांनी टॉवेल आणून दिले. मग चहा, मग द्राक्षं, मग भाव. तोही आमच्या बजेटच्या आत.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. समुद्र म्हणजे वाळू, हेच डोक्यात बसलेलं. इथे सगळीकडे गोटे, नदीतल्यासारखे गुळगुळीत, अनवाणी पायांना चांगलेच टोचणारे. धुळ्याची मैत्रीण अहिराणीत ओरडली, "समुद्रले वाळूच नही शे व माय!" लाट मागे सरली की ते गोटे एकमेकांवर घासत खडखडत खाली जातात. तो आवाज मला समुद्राहून जास्त आठवतो. पाणी चाखलं तर खारट, पण बेताचं. महासागराच्या मानाने इथे मीठ निम्म्याच्या आसपास असतं. भरती-ओहोटीही जवळजवळ नाहीच. पुढे अक्षरांचा १३० मीटर उंच मनोरा, त्यावर जॉर्जियन लिपीची ३३ अक्षरं, एकमेकांतून आरपार जाणारे अली आणि निनो या कादंबरीतल्या प्रेमिकांचे लोखंडी पुतळे, कॅसिनोंचे दिवे, प्रचंड गर्दी. फोटो काढले. होडीच्या आकाराची, चीज भरलेली खाचापुरी खाल्ली. आमच्यातल्या दोघींनी त्यावरचं अंडं नको म्हणून सांगितलं तेव्हा वाढणाऱ्या पोराला खरंच वाईट वाटलं.

रविवारी पहाटे जाग आली ती पानांच्या फडफडीने. हा आवाज मी झोपेतही ओळखते. खिडकी उघडली तर मागच्या अंगणात भिंतीला लागून केळीचं बेट. सात-आठ खोडं, बुडाशी फुटलेली गच्च पिलं, आणि एका खोडाला कमळ, म्हणजे केळफूल, लोंबत होतं. परदेशात राहायला लागल्यापासून एवढ्या जवळून केळी पाहिलीच नव्हती. माझा गळा दाटून आला.

आपल्याकडे घड्याळ दीड तास पुढे. म्हणजे आप्पांची शेतावरची फेरी होऊन ते ओट्यावर बसले असणार. गच्चीवर जाऊन त्यांना लांबवर दिसणारी समुद्राची पट्टी दाखवली. "हां, मोठा आहे," म्हणाले. मग मी म्हटलं, "आप्पा, इथे केळी आहे." ते सरसावून बसले. "दाखव. खोडापासून वर ने."

मी खाली अंगणात आले. आजी कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. फोनमधला माणूस आपल्या केळीकडे टक लावून बघतोय हे पाहून त्या जवळ आल्या आणि विचारलं, "मामा?" मी मान हलवली. पलीकडून आप्पा म्हणाले, "मामा कोण? मी बाप आहे म्हणावं!" मग त्यांना सांगितलं, जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई. आप्पांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

त्यानंतर मी नुसती दुभाषी. दवाखान्यात पेशंटशी बोलण्यापुरती येणारी जॉर्जियन, अडलं की फोनवरचं भाषांतर.

"हे आपलं बेणं नाही," आप्पा म्हणाले. "कमळ पिवळट आहे, खोड बारीक. एखादं फळ कापून दाखव." आजींनी बोटाएवढं केळं चाकूने चिरलं. आत काळ्या बिया. ही थंडी सोसणारी जपानी केळी, बटुमीत शोभेसाठी लावतात, हे मी नंतर वाचलं. आप्पांनी रावेरातून पडद्यावर ओळखलं. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी बातमीचं कात्रण कपाटाला चिकटवलं होतं. अजून तिथेच आहे.

आजींनी विचारलं, फळ कधी पिकेल? आप्पांनी खरं सांगितलं: खाण्याजोगं नाही होणार. पण बेट फार दाटलंय, पिलं काढा, एका खोडाशी एकच ठेवा, कोयत्याने जमिनीबरोबर. हिवाळ्यात काय करता? आजी म्हणाल्या, पानं कापते, खोडाला पोती गुंडाळते. आप्पा खूश झाले. आमच्याकडेही जानेवारीत केळीला थंडीचा चरका बसतो, आम्ही रात्रीचं पाणी देतो, बांधावर धूर करतो. मी सगळं पोचवत होते. 'चरका' जॉर्जियनमध्ये सांगायला मी हाताने पान करपल्यासारखं मुडपून दाखवलं. आजींना लगेच कळलं.

मग आप्पांनी विचारलं, घड खाता येत नाही, तर लावली कशाला?

आजी थोडा वेळ पानांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, पाऊस आला की पानांचा आवाज येतो. रात्री ऐकायला बरं वाटतं.

मी सांगितलं. आप्पा गप्प झाले. यंदा जूनच्या वादळात आमची कापणीला आलेली केळी आडवी झाली. साडेतीन हजार खोडं. त्या रात्री आई-आप्पा ओट्यावर बसून पानं फाटताना ऐकत होते. मी इथे वसतिगृहात हवामानाचा नकाशा बघत. फी भरायची मुदत जुलैत होती. आप्पांनी ती कुठून भरली हे मला अजून सांगितलेलं नाही, आणि मीही धीर करून विचारलेलं नाही.

"आमच्याकडे तो आवाज आला की छातीत धस्स होतं," आप्पा हळूच म्हणाले. "हे सांगू नको त्यांना."

मी सांगितलं नाही. आजींनी फोन माझ्या हातातून घेतला, पानाजवळ धरला आणि दुसऱ्या हाताने पान हलवलं. आप्पा ऐकत राहिले.

वनस्पती उद्यान बघायचं राहिलं. वनस्पतिशास्त्रज्ञ क्रास्नोव यांनी १९१२ मध्ये उभारलेलं, समुद्रावर झुकलेल्या टेकडीवर आहे म्हणतात. शहाद्याचा मित्र त्यावरून अजून माझ्यावर चिडलेला आहे. निघताना आजींनी चौघांना अक्रोड दिले आणि खोलीचे वीस लारी परत केले. घेत नव्हतो, तर बॅगेत कोंबले.

मंगळवारी त्यांनी फोटो पाठवला. कापलेली पिलं भिंतीशी ओळीने निजवलेली. मी तो आप्पांना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: "मधल्या खोडाला दोन ठेवली आहेत. एकच ठेवायला सांग."