अर्धा सूर वर

मामांनी भरून दिलेली एक कॅसेट माझ्याकडं आहे. साठ मिनिटांची. आतल्या कागदावर निळ्या बॉलपेननं, पेढीवरच्या वळणदार अक्षरात गाण्यांची यादी, आणि खालच्या कोपऱ्यात एक पिवळा अंगठा. शाई आता पुसट झालीय, अंगठा मात्र अजून ठसठशीत. मामा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. रविवारी साबणानं दोनदोनदा हात धुऊन टेपरेकॉर्डरपुढं बसले तरी हळद नखांच्या कडेला उरायचीच. त्यांच्याकडून आलेल्या कॅसेटचा वास घेतला की कळायचं, ही सांगलीची.

'भरणे' हा शब्द आता गेला. तेव्हा कॅसेट भरायची असायची, डबा भरावा तशी. बाजारात कॅसेटा भरून देणारी दुकानं होती. कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर वीस गाण्यांची यादी द्यायची, आठवड्यानं जायचं. हा धंदा कायद्यात बसत नव्हता, हे आम्हाला फार पुढं कळलं. यादीतली दोनतीन गाणी दुकानदाराकडं नसायची, मग तो त्या जागी स्वतःच्या मनानं काहीतरी घालायचा. बाजू संपताना दोनतीन मिनिटं फीत उरायची, तिथंही त्याचीच मर्जी. आपण मागितलेली गाणी आपल्याला आधीच माहीत असायची, त्यामुळं नवीन काही कानावर पडायचं ते या मर्जीच्या जागांतून. माझ्या आवडीनिवडीचा निम्मा पाया उरलेल्या फितीवर उभा आहे, हे मी बिनदिक्कत कबूल करतो.

मामा दुकानात जायचे नाहीत. 'पैसे देऊन दुसऱ्याच्या आवडीचं कशाला ऐकायचं?' असं त्यांचं म्हणणं, आणि आम्हाला मात्र स्वतःच्या आवडीचं फुकट ऐकवायचे. पेढीच्या शेठजींकडं जुन्या रेकॉर्डींचा गठ्ठा आणि एक रेकॉर्ड प्लेअर होता. तो मामा अधूनमधून शनिवारी रात्री गावभागातल्या घरी आणायचे, सायकलच्या कॅरियरवर, चादरीत गुंडाळून. रेकॉर्डी हातात धरून. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या वेगाच्या त्या तबकड्या लाखेच्या, म्हणजे बांगड्यांना लागते त्याच लाखेच्या. हातातून सुटली की संपलं. मामी म्हणायची, 'पोरांना कधी असं धरून आणलं नाही.'

जोडायची वायर कुणाकडं नव्हती. प्लेअरच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, खाली उशी, आणि लाल बटण दाबून सगळ्यांनी गप्प बसायचं. त्या रविवारी मामांनी एक बाजू भावगीतांनी भरत आणली होती. शेवटी थोडी फीत उरली. 78 च्या दहा इंची तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांच्या आत आटपते, त्यामुळं ती उरल्या जागेत बसेल असा त्यांचा अंदाज. त्यांनी गठ्ठ्यातली हाताला लागली ती लावली. यादीत शेवटच्या ओळीत एवढंच लिहिलंय : 'ठुमरी (जुनी)'.

ती ठुमरी मी मिरजेत, आमच्या घरी, किती वेळा ऐकली असेल त्याला हिशेब नाही. कोण गातंय ते माहीत नव्हतं. एक पातळ, टोकदार आवाज, सुईत दोरा ओवावा तसा स्वरात नेमका शिरणारा. मधेच दार करकरतं, लांब एसटीचा हॉर्न वाजतो आणि मामांचा दबका ओरडा येतो, 'दार लाव की गं, भरतोय मी!' मग कडी, मग पुन्हा तो आवाज. मला ते सगळं मिळून एकच गाणं वाटायचं. कुणी म्हणायला सांगितलं असतं तर मी कडीसकट म्हणून दाखवलं असतं.

गाणाऱ्याचं नाव कळायला बारा-तेरा वर्षं गेली, आणि कळलं तेही दहा मिनिटांच्या चालण्यावर. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसात गाणं असतं. चिंचेखाली बसलो होतो, एका गायकानं झिंझोटी रागातली 'पिया बिन नाही आवत चैन' सुरू केली, आणि मी शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याचा हात धरला. त्यांनी आधी हात सोडवून घेतला, मग सांगितलं की हे अब्दुल करीम खाँसाहेबांचं. खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका लहानशा स्टेशनात त्यांनी देह ठेवला, आणि मिरजेला आणून त्यांना याच दर्ग्यात दफन केलं. मी ज्यांना सांगलीहून आलेल्या कॅसेटीत शोधत होतो ते माझ्या शाळेच्या वाटेवर होते. याच ठुमरीची रेकॉर्ड लहानपणी एका दुकानात ऐकून भीमसेन जोशींना गाण्याचं वेड लागलं आणि 1933 साली ते घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, हेही म्हाताऱ्यांनीच सांगितलं. मी त्याच ठुमरीपायी फार तर बारावीचा अभ्यास सोडला होता.

पुढं फोन आला. फोनवर नाव टाकलं की दोन सेकंदांत खाँसाहेब हजर. पहिल्यांदा लावली तेव्हा मी मधेच बंद केली, कारण हे ते गाणं नव्हतं. शब्द तेच, जागा त्याच, पण आवाज खाली बसलेला, जरा जड, चाल सावकाश. मला वाटलं, कुणीतरी बिघडलेल्या मशीनवरून चढवलंय.

मिरजेत असल्या शंका विचारायला लांब जावं लागत नाही. सतारवाल्यांच्या गल्लीत एक कारागीर ओळखीचे आहेत. गेलो तेव्हा ते तंबोऱ्याची जवारी लावत होते. घोडीवर कानस हलकेच फिरवायची, तार छेडायची, तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवायचा, परत छेडायची. दोरा जागेवर आला की तार गुणगुणायला लागते, केसभर हलला की मुकी. माझ्याकडं न बघता त्यांनी मानेनं बसायला सांगितलं. मी फोनवर आधी फोनमधली ठुमरी लावली, मग कॅसेटवरून उतरवून घेतलेली माझी. दुसरी लागताच त्यांचा हात थांबला.

'ही कुठल्याच पट्टीत न्हाई,' ते म्हणाले. 'दोन पट्ट्यांच्या फटीत अडकलीय. जवळजवळ अर्धा सूर वर. कुठल्या मशीनवर भरली होती?'

मामांच्या, म्हटलं.

'पट्टा ढिला असणार त्यांचा.'

हा दुसरा पट्टा, रबरी. टेपरेकॉर्डरच्या मोटरवरून फिरणारा. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकावी असा दंडक आहे. मामांच्या मशीनचा पट्टा सैल, तो फीत साडेचारनंच ओढायचा. भरताना आणि वाजवताना तोच सैलपणा, म्हणून सांगलीत सगळं जिथल्या तिथं. आमचं मशीन नवीन, ते पावणेपाचनं पळवायचं. सांगलीतून दहा किलोमीटर, विश्रामबागेवरून सिटी बसनं कॅसेट मिरजेत आली की खाँसाहेब अर्धा सूर चढायचे. ती कॅसेट जगात एकाच घरात बरोबर वाजत होती.

घरी येऊन मी हिशेब मांडला. फीत सावकाश सरकते म्हणजे तीस मिनिटांची बाजू त्या मशीनवर पावणेबत्तीस मिनिटं चालणार. मामांना शेवटी जी फीत उरली त्यातली पावणेदोन मिनिटं त्या ढिल्या पट्ट्याची. पट्टा घट्ट असता तर ठुमरी निम्म्यात तुटली असती, मामांनी जीभ चावली असती आणि तिच्या जागी एखादं छोटं भजन घातलं असतं.

मग फोनमधली तरी बरोबर कशावरून, हा किडा डोक्यात शिरला. 78 च्या म्हणून विकल्या गेलेल्या जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या 78 नं मुद्रित झालेल्या नसत, पाचसात फेरे इकडंतिकडं व्हायचे. चावीच्या ग्रामोफोनला वेग कमीजास्त करायची सोयच असे, ऐकणाऱ्यानं आपल्या कानानं लावायचा. 78 ऐवजी साडेब्याऐंशी फेरे झाले की झाला अर्धा सूर. म्हणजे फोनवरचे खाँसाहेबही कुणाच्या तरी घरचे, त्यानं काटा ठेवला तिथले. हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं.

मामा कॅसेटा द्यायचे सढळ हातानं, पण हिशेब पेढीचा. एका जुन्या खतावणीत 'नावे' आणि 'जमा' असे रकाने. कोणती कॅसेट कुणाच्या नावे, कोणत्या तारखेला, परत आली की जमा. ती वही मी पाहिलीय. नावेची बाजू पानच्या पान भरलेली, जमेची बाजू रविवारच्या बंद बाजारपेठेसारखी. मामा वसुलीला कधी गेले नाहीत. कुणाच्या घरी गेल्यावर आपलीच कॅसेट वाजताना ऐकू आली की खूश होऊन चहा पिऊन यायचे आणि मामीला सांगायचे, 'अजून वाजतीय.'

2019 च्या महापुरात गावभागातल्या त्या घरात पाणी शिरलं. मामा त्याआधीच गेले होते. मामीला आम्ही मिरजेला आणलं. पाणी ओसरल्यावर गेलो तर टेपरेकॉर्डर गाळानं भरलेला, खतावणीचा लगदा. माळ्यावरच्या ट्रंकेतल्या कॅसेटा मात्र कोरड्या होत्या. ज्या मशीनवर त्या बरोबर वाजत ते मशीन तेवढं गेलं. दुरुस्तीवाल्यानं बटणं दाबून बघितली आणि म्हणाला, 'भंगारात घाला, नवीन पट्टा टाकूनबी उपेग न्हाई.' नवीन पट्टा मला नकोच होता, पण हे त्याला कसं समजावणार!

मध्यंतरी मी घरच्या ग्रुपवर ठुमरीची लिंक टाकली. सतरा जणांनी पाहिली, तिघांचे अंगठे आले. मामांचा अंगठा पिवळा आणि एकच होता, पण तो जाऊ दे. मामीला मात्र फोन कानाशी धरून ऐकवली. ती डोळे मिटून बसली आणि म्हणाली, 'हेच. अगदी हेच वाजायचं घरात.' म्हटलं, मामी, हे खाली आहे, खरं वर आहे. ती म्हणाली, 'तुला काय कळतंय, मी त्या घरात राहिलेय.' आणि बरोबरच होतं तिचं. फोनचा वेग वाढवून तिला माझी ठुमरी ऐकवायला गेलो तर खाँसाहेब घाईघाईनं गायला लागले, पट्टी तीच. फोनला सूर न चढवता पळता येतं, ही त्याची हुशारी माझ्या काही कामाची नव्हती.

शेवटी टेपरेकॉर्डर काढला, माझा, घट्ट पट्ट्याचा. कॅसेटची फीत बॉलपेन घालून ताठ केली आणि बटण दाबलं. खाँसाहेब चढ्या सुरात सुरू झाले. मामीनं नाक मुरडलं. 'बायकी वाटतंय,' ती म्हणाली.

मला एकदम गौहरजान आठवली. 1902 साली कलकत्त्यात आपल्याकडची पहिली ग्रामोफोनची ध्वनिमुद्रणं झाली, त्यात ती गायली. तिच्या रेकॉर्डींवर गाणं संपता संपता ती घाईनं इंग्रजीत ओरडते, माझं नाव गौहरजान. तबकड्या छापायला जर्मनीला जायच्या, तिथल्या लोकांना नाव कळावं म्हणून, असं सांगतात. गाण्यापेक्षा ते ओरडणं ऐकायला मी ती रेकॉर्ड जास्त वेळा लावलीय. हे मी मामीला सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात टेपवर दार करकरलं.

एसटीचा हॉर्न. मग मामा. तेव्हा ते पंचेचाळिशीचे असतील, पण अर्धा सूर चढलेल्या आवाजात पंचविशीचे वाटले.

'दार लाव की गं, भरतोय मी!'

मामी उठली, ओसरीत गेली आणि कडी घालून आली.