भेंडीची तार आणि कागद

टोकियो-क्योटोचे सहा दिवस रांगा लावण्यात गेले. त्यांच्याबद्दल लिहायचा उत्साहच नाही. लिहायचंय ते जपानच्याच फुकुई प्रांतातल्या एचिझेनबद्दल. इथे दीड हजार वर्षांपासून हाताने कागद होतोय, असं सांगतात.

एका जुन्या लाकडी घरात, फेब्रुवारीच्या थंडीत, एक आजी पाण्यात हात घालून बसल्या होत्या. पुढ्यात कोझोची शिजवलेली साल. कोझो म्हणजे तुतीच्या कुळातलं झुडूप, कागद होतो तो याच्या सालीचा. सालीतला एकेक काळा कण त्या बोटांनी वेचत होत्या. आपण तांदूळ निवडतो तसंच, फक्त बर्फगार पाण्यात. मी हातमोजे घालून, वर हात खिशात कोंबून उभा. लाज वाटून एक बोट बुडवलं आणि लगेच काढलं. आजी हसल्या.

शेजारच्या बादलीत ठेचलेली मुळं भिजत होती. त्यांनी खूण केली, हात घाल. घातला, तर बोटांना ही लांब तार! अरे, ही तर भेंडी! खरंच भेंडीची सख्खी बहीण निघाली. नाव तोरोरो-आओइ, आणि तारेला म्हणतात नेरी. मला वाटलं, हा डिंक असणार. तर नाही. नेरीमुळे तंतू तळाशी न बसता पाण्यात सारखे तरंगतात आणि कागद ज्या बांबूच्या जाळीवर उचलतात, तिच्यातून पाणी हळूहळू झिरपतं. ओले कागद एकावर एक रचून दाबतात, तरी नंतर एकेक अलगद सुटतो. ऊन वाढलं की तार मरते, म्हणून कागदाचा खरा हंगाम हिवाळा. म्हणजे आजींचे हात थंडीत असायलाच हवेत.

पर्यटकांसाठीच्या केंद्रात जाळी माझ्याही हाती दिली. माझा कागद एका कडेला पापड, दुसऱ्या कडेला भाकरी.

दुपारी पोटाचे हाल. इथला गार सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, मुळ्याच्या किसासकट नामी म्हणतात. ‘मासा नको’ असं तीनदा सांगितलं, तरी वर सुक्या माशाचा कीस आलाच. बाजूला सारून खाल्ला. रस्साही माशाचाच असतो हे नंतर कळलं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगतोय.

संध्याकाळी ओताकी देवळात गेलो. कागद शिकवणाऱ्या देवीचं देऊळ, १८४३ सालचं, छपरावर छप्पर चढलेलं. तिथून आईला बादलीचा फोटो पाठवला. उत्तर आलं, “भेंडी चिरल्यावर पाण्यात घालतात का कुणी? तार सुटणारच.”