वाजली की ऐकली?

सगळं सुरू झालं सुईपासून. रेकॉर्ड प्लेयरची हिऱ्याच्या टोकाची सुई साधारण 500 ते 1000 तास चालते, पुढे ती झिजून रेकॉर्डच्या खाचाच कुरतडायला लागते. माझी सुई किती तास फिरली होती, देव जाणे. म्हणून एका शनिवार-रविवारी बसून छोटंसं वेब ॲप लिहिलं. रेकॉर्ड निवडायची, बाजू निवडायची, बटण दाबायचं; सुई उचलली की परत दाबायचं. मिनिटं सुईच्या खात्यावर जमा.

कोड दोन दिवसांत झाला, माहिती भरायला दोन महिने गेले. हल्लीच्या रेकॉर्डवरचा बारकोड दाखवला की सगळी कुंडली हजर होते. बाबांच्या रेकॉर्डना कुठला आलाय बारकोड! मधल्या लेबलवरचा बारीक क्रमांक भिंग लावून वाचायचा आणि एकेक गाणं हाताने टाइप करायचं. त्यात कव्हर एकाचं आणि आत भलतीच रेकॉर्ड. चोरबाजारातून हौसेने आणलेल्या भावगीतांच्या कव्हरातून सत्यनारायणाची कथा निघाली. तीही नोंदवली, आता काय करता.

आजोबांच्या दोन 78च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्याही आहेत, बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्या काळी पोलादी सुई असायची आणि ती दर बाजूला बदलायची. आजोबांना ॲप लागलं नाही ते काही उगाच नाही.

खरी अडचण निघाली बटणाच्या नावाची. आधी मी ‘ऐकली’ लिहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात बायको म्हणाली, “ऐकली कुठे? तू फोनवर होतास, मी मेथी निवडत होते. वाजली म्हण.” मुद्दा बरोबर होता. सुई झिजते ती वाजण्याने, तिला आमच्या ऐकण्याशी देणंघेणं नाही. मग दोन रकाने केले. महिनाअखेर पाहिलं तर ‘वाजली’ 31 तास आणि ‘ऐकली’ पावणेसहा. हा आलेख मी कोणाला दाखवत नाही.

दुसरा धडा आईने दिला. बरेच दिवस न लावलेली बाजू ॲपने सुचवावी, अशी सोय मी केली होती. रविवारी सकाळी आठला त्याने मारवा राग सुचवला आणि मी तो निमूट लावला. आई आतून ओरडली, “अरे, सकाळी सकाळी मारवा? दिवेलागण झाली का?” तेव्हा उमगलं. आमच्या एका एलपीवर पुढे तोडी आणि मागे पूरिया धनाश्री आहे. एक सकाळची, दुसरी संध्याकाळची. तिची मागची बाजू कमी वाजायची, त्याला मी इतके दिवस माझा आळस समजत होतो. वास्तविक सुट्टीच्या संध्याकाळी आम्ही घरात नसायचो, इतकंच. आता तक्त्यात ‘प्रहर’ असाही रकाना आहे.

त्याच भरात एक वेडेपणाही करून ठेवलाय. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अवकाशात गेली; तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहां हो’. बरोबर सुईसुद्धा धाडली आहे. माझ्या यादीत तिची नोंद आहे: वाजली 0, ऐकली 0, सुई कोरी करकरीत.

गेल्या रविवारी संध्याकाळी सव्वासहाला पूरिया धनाश्री लावली आणि आरामखुर्चीत माझा डोळा लागला. उठलो तेव्हा प्लेयर बंद होता, झाकण लावलेलं. सोमवारी सकाळी डोंबिवलीहून गाडी पकडली, खिडकीजवळ उभं राहून फोन उघडला तर ॲप म्हणतंय, ‘सध्या चालू: 14 तास 20 मिनिटं’.

आईला फोन लावला. “काल सुई तू उचललीस का गं?”

“मग कोण उचलणार?”

“किती वाजता?”

“संपल्यावर. तू घोरत होतास. मी बसले होते शेवटपर्यंत ऐकत. पुढे काय गायलाय रे तो!”

ठाणं येईस्तोवर ‘वाजली’चा आकडा 22 मिनिटांवर आणला. ‘ऐकली’ दाबायला मात्र अंगठा धजेना. आणि न दाबावं, तर आई शेवटपर्यंत बसलेली.