वीस पानांचा मसालेभात, एकाच पातेल्यात

घरात पंधरा-वीस माणसं जेवायला असली की पोळ्या आणि पुऱ्यांचा नाद सोडावा. वीस जणांच्या साठ पोळ्या लाटून भाजेपर्यंत एक माणूस ओट्यापासून हलू शकत नाही, आणि शेवटची पोळी तव्यावरून उतरते तेव्हा पहिल्या गार झालेल्या असतात. अशा वेळी मसालेभात, मठ्ठा, काकडीची कोशिंबीर आणि तळलेले पापड एवढंच करावं. पोट भरतं आणि करणाऱ्यालाही सगळ्यांबरोबर पानावर बसता येतं.

मसालेभात हेच मुख्य जेवण असेल, तर माणशी १०० ग्रॅम तांदूळ धरा. म्हणजे वीस जणांना २ किलो. पातेलं जाड बुडाचं आणि किमान १२ लिटरचं हवं. लहान पातेल्यात भात वरपर्यंत येतो, मग ढवळताना शितं मोडतात. तांदूळ सुरती कोलम किंवा बासमती घ्या. आंबेमोहोराचा वास सुंदर, पण तो मऊ शिजतो, आणि एवढ्या मोठ्या घाण्यात खालच्या थराचा गोळा व्हायची भीती असते. तांदूळ धुऊन अर्धा तास चाळणीत निथळत ठेवा. ही पायरी गाळू नका. ओला तांदूळ तेलात परतला जात नाही, तो एकमेकांना चिकटतो.

बाकीचं सामान असं: तोंडली १ किलो, मटार अर्धा किलो, काजू १५० ग्रॅम, तेल पाव लिटर, गोडा मसाला ४५ ते ५० ग्रॅम, धने-जिरे पूड ३ पोह्याचे चमचे, मीठ साधारण ६० ग्रॅम, सुपारीएवढा गूळ. वर घालायला दोन नारळांचं ओलं खोबरं आणि मोठी जुडी कोथिंबीर.

तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, आठ-दहा लवंगा आणि दालचिनीचे चार तुकडे घाला. मग उभी चार फोडी केलेली तोंडली सात-आठ मिनिटं नीट परता. तोंडली इथे कच्ची राहिली तर पुढे भात शिजतो आणि ती करकरीतच राहतात, म्हणून कडा किंचित तांबूस होईपर्यंत थांबा. मग मटार, काजू आणि तांदूळ घालून आणखी पाच मिनिटं परता. गोडा मसाला आणि धने-जिरे पूड तांदळानंतरच घाला. गरम तेलात थेट पडलेला गोडा मसाला क्षणात करपतो, आणि तो कडवटपणा नंतर गुळानेही जात नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती पाण्यात. घरी वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी लागतं, म्हणून लोक तोच हिशेब २ किलोला लावतात. मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी उडते. इथे एका मापाला पावणेदोन माप पाणी पुरतं, म्हणजे २ किलोला सव्वाचार लिटरच्या आसपास. तांदूळ नवा असेल तर याहून थोडं कमी. पाणी शेजारच्या शेगडीवर खळखळ उकळून मगच ओता. गार पाणी घातलं की एवढ्या मोठ्या ऐवजाला पुन्हा उकळी यायला वेळ लागतो, आणि तोवर शितं बाहेरून फुगून आत कच्ची राहतात. मीठ आणि गूळ घातल्यावर पाणी चाखून बघा. ते किंचित खारट लागलं पाहिजे.

पाणी तांदळाच्या पातळीला येऊन वर भोकं दिसू लागली की पातेल्याखाली तवा सरकवा, घट्ट झाकण ठेवा, आच अगदी बारीक करा. पंधरा मिनिटांनी गॅस बंद करा आणि आणखी पंधरा मिनिटं झाकण उघडू नका. वरचा थर टरटरीत राहिला तर वाटीभर उकळतं पाणी शिंपडून पुन्हा झाका. भात डावाने वरखाली करू नका. तळाला लागल्याचा वास आला तर खरवडू नका, वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. खोबरं, कोथिंबीर वाढताना घाला, साजूक तूप पानातच.

मठ्ठ्याला दीड किलो दही, अडीच लिटर पाणी, आलं-मिरचीचं वाटण, मीठ, जिरेपूड आणि चिमूटभर साखर. दही आधी एकटंच घुसळा, पाणी नंतर. नाहीतर कण राहतात.

पाहुणे न सांगता आले आणि भाजीच नसेल, तर पिठलं. अर्धा किलो बेसनाला ३ लिटर पाणी. बेसन त्यातल्या एक लिटर गार पाण्यात आधी कालवून घ्या, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. गॅसवरून उतरताना पातळ वाटलं तरी घाबरू नका, ते निवताना घट्ट होतं. सोबत भाकरीऐवजी साधा भात करा. चाळीस भाकऱ्या थापायच्या म्हणजे दोन तास गेलेच.

उरलेला मसालेभात पातेल्यात झाकून ठेवू नका. मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि रात्रीतून आंबतो. परातीत पसरून निववा आणि जेवणं आटोपल्यावर तास-दीड तासात उथळ डब्यांतून फ्रिजमध्ये टाका. सकाळी त्यावर पाण्याचा हबका मारून चांगली वाफ काढली की तो पुन्हा मोकळा होतो.